जानूकाकांचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे उभी राहते तेव्हा बाकीची सगळी गाऱ्हाणी घालते, पण हा विषय मनात आला की डोळे घट्ट मिटून घेते — जसं काही मी डोळे मिटले की त्यालाही दिसत नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही. प्रयत्न केलाय मी, खूपदा. ‘काका, एक सांगायचं होतं’ इथपर्यंत येते, आणि मग विचारते काय — तर यंदा भात कसं आहे!

सुरुवात माझ्यापासूनच करते. मी बोईसरच्या एका शाळेत खेळाची बाई आहे. शाळेच्या मागच्या लांबट हॉलमध्ये पोरांना एअर रायफलची नेमबाजी शिकवते. कॉलेजात असताना मला राज्य पातळीवर पदक मिळालं होतं. ते ऑफिसात काचेच्या कपाटात आहे, आणि आलेल्या पालकांची नजर थेट त्यावर पडावी अशा बेताने मी त्यांची खुर्ची ठेवली आहे. हो, मुद्दाम. मी तशीच आहे. एखाद्या पोराने सातच्या रिंगणात लागलेला छर्रा नऊच्या रिंगणात लागला असं सांगितलं की त्याला आठवडाभर बंदुकीला हात लावू देत नाही. नेम चुकला तरी चालेल, खोटं चालणार नाही, हे माझं वाक्य पोरांना पाठ आहे. माझ्या पाठीमागे माझी नक्कल करताना ते हेच वाक्य म्हणतात. मी ऐकलंय.

आता जानूकाका. ते माझे सख्खे काका नव्हेत. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला आले तेव्हा इथे कुणी ओळखीचं नव्हतं. त्याच कारखान्यात, बाबांच्या शेजारच्या मशीनवर जानूकाका होते. सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. पावसावरची थोडी जमीन, भात, कडेला काकड्या आणि कंद. सुट्टीच्या दिवशी आमच्या खोलीवर यायचे ते पिशवी घेऊनच. पुढे नोकरी सोडून ते शेतीकडे परतले, पण पिशवी येतच राहिली. बाबा गेल्यावर सुद्धा. माझ्या लग्नात बाबांच्या जागी तेच उभे होते, नवीन पांढरा सदरा घालून, आणि माझ्यापेक्षा जास्त तेच रडले. बेबीकाकी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना सगळ्यांसमोर दटावत होती, ‘पोरीच्या आधी तुमालाच सासरी धाडायला हवा.’

हे एवढं सांगायची गरज होती का? होती. मी कुणाशी काय केलं हे तुम्हाला नीट कळायला हवं.

काकांकडे त्यांच्या वडिलांपासूनची दुनळी बंदूक होती, पिकाच्या रक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं कळपाने उतरतात आणि भाताचं अंथरूण करून टाकतात. खातात थोडं, लोळतात फार. वनखात्याची परवानगी मिळाली की डुक्कर मारायला आसपासच्या पाड्यांतून काकांनाच बोलावणं यायचं. त्यांचा एक नियम होता. खात्री असेल तरच बार काढायचा. नाहीतर डुक्कर समोरून हसत गेलं तरी बंदूक खाली. कारण जखमी डुक्कर लांब पळत नाही. जवळच्या जाळीत शिरून बसतं, आणि मग जो कुणी तिकडून जाईल त्याच्यावर येतं. लाकडं आणायला गेलेली बाई असो की म्हातारं माणूस. ‘चुकलेली गोळी आपली नसते, आख्ख्या पाड्याची असते,’ असं काका म्हणायचे. त्यांची एकही तशी गोळी कुणाला आठवत नव्हती. लोक त्यांना ‘नेमका जानू’ म्हणायचे, आणि ते नुसते मिशीत हसायचे.

मग वय झालं. डोळे आधी गेले. एकदा ते आमच्या उमरोळीच्या घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, ‘मेघा, बंदुकीची माशी आता एक दिसत नाय गो. दोन दिसतात.’ नळीच्या टोकाला जो मणी असतो, ज्याच्यावरून नेम धरतात, ती माशी. शिवाय डुकरंही शहाणी झाली होती. दुनळीच्या टप्प्यात येतच नव्हती, शेताच्या पलीकडच्या बांधावर उभी राहून वास घ्यायची. काकांनी विचार केला होता, रायफल घ्यावी. पण कोणती, आणि तिच्यावर नेमाचं साधन कोणतं, हे त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. कुणाला म्हणजे? घरात पदकवाली पोरगी असताना!

तुम्हाला सांगते, त्या महिन्यात मी जेवढी खूष होते तेवढी लग्न ठरल्यावरही नव्हते. रोज शाळेतून आले की मोबाईलवर तेच. कुठली नळी, किती वजन, झटका किती. काकांना फोन करून समजावत बसायची. परवान्यावर सहज मिळेल अशी ३१५ची बोल्टवाली रायफल ठरवली, एका गोळीत मोठं डुक्कर बसवणारी. काका बुटके, म्हणून दुकानात त्यांचा हात कोपरात वाकवून दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाची, लांबी मापून घेतली. गिऱ्हाइकं बघत होती. काका लाजून म्हणत होते, शिंप्याकडं आल्यासारखा वाटतोय. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. अजूनही म्हणते, रायफल मी बरोबर निवडली.

चुकले ती दुर्बिणीत. म्हणजे चुकले असं म्हणणंही — नाही, थांबा. सरळच सांगते.

काकांना हवं होतं साधं भोकाचं साधन. डोळ्याजवळ एक बारीक भोक असलेली चकती, त्यातून पुढचा मणी बघायचा. थकलेल्या डोळ्याला ते पुष्कळ होतं. मी स्वतः आयुष्यभर त्याच साधनाने खेळले, पदक त्यानेच मिळवलं. दुकानातले म्हातारे मालकही तेच म्हणाले, की नाहीतर मग लहान ताकदीची दुर्बीण घ्या, जंगलात मोठी कामाची नाही. पण काउंटरवर एक मोठी दुर्बीण होती. काळी, लांब, फिरवली की लांबचं जवळ येणारी. आमच्या खेळात दुर्बीण चालत नाही. मला पहिल्यापासून तशी एक हाताळायची होती. मी ती उचलली, रस्त्यापलीकडच्या खिडकीतला कबुतराचा डोळा बघितला, आणि मालकांना उलट चार गोष्टी ऐकवल्या. पहाटेच्या अंधुक उजेडात हीच दाखवते, वगैरे. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, कौतुकाने. ती दुर्बीण मी त्यांच्यासाठी निवडलीच नव्हती. पण हेही मला सांगायचंय ते नव्हे.

दुर्बीण नुसती बसवून भागत नाही. तिच्यातला काळा काटा दाखवतो तिथेच गोळी जाते का, ते बार काढून बघावं लागतं. गोळी खाली गेली तर एक स्क्रू फिरवायचा, बाजूला गेली तर दुसरा. पुन्हा बार, पुन्हा स्क्रू. काटा आणि गोळी एका जागी आली की काम झालं. याला आम्ही झिरो करणं म्हणतो. हे केल्याशिवाय दुर्बीण म्हणजे शोभेची वस्तू. हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवते.

पाड्याच्या मागे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथे जायचं ठरलं. वर्षाला परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळतात. त्यातली निम्मी काकांनी माझ्या ओंजळीत दिली. त्या दिवशी पाड्यातली बरीच मंडळी काकांच्या अंगणात जमली होती, मेडलवाली बाई आली म्हणून. काकीने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. मीही बोलत होते, खूप बोलत होते. झटका कसा झेलायचा, श्वास कुठे धरायचा. मग काका खाणीच्या तोंडाशी बसले, कुणी गुरं घेऊन आत येऊ नये म्हणून. त्यांना तिथून मी दिसत नव्हते. फक्त ऐकू येणार होतं.

मी पुठ्ठ्यावर काळा गोल काढून तो खाणीच्या त्या टोकाला दगडाला टेकवला. तुसाने भरलेल्या गोणीवर रायफल ठेवली. आडवी झाले. आणि आयुष्यभराच्या सवयीने डोळा साधनाला भिडवला, अगदी चिकटून. एअर रायफलला झटकाच नसतो. डोळा हवा तेवढा जवळ न्या, काही होत नाही. दुर्बीणही मी माझ्या त्याच सवयीप्रमाणे मागे घेऊन बसवली होती. चाप ओढला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आवाज झाला, आणि कुणीतरी कुऱ्हाडीच्या दांड्याने कपाळात घातल्यासारखं झालं. दुर्बिणीची कड भुवईत घुसली होती. डोळ्यात रक्त उतरलं. मला वाटलं डोळाच गेला. बराच वेळ तशीच पडून राहिले. मग उठून पुठ्ठ्यापर्यंत गेले. गोळी गोलाच्या वीतभर खाली, डावीकडे, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लागली होती.

म्हणजे काम सुरूही झालं नव्हतं. परत जागेवर आले. दुर्बीण ढिली करून पुढे सरकवली, की काकांच्या डोळ्याला लागू नये. बघा, एवढी काळजी मात्र घेतली! तिची जागा बदलली म्हणजे त्या पहिल्या गोळीने जे काही सांगितलं होतं तेही गेलं. पुन्हा आडवी झाले. काडतूस भरलं. बोट चापावर ठेवलं.

आणि बोट हलेना.

मी नेमबाज आहे. बोट हलवणं हेच माझं काम. पण ते हलेना. दात वाजत होते, भर दुपारी, त्या तापलेल्या खाणीत. मी घाबरले होते. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. एका बंदुकीला मी घाबरले होते.

तेव्हा उठून खाणीच्या तोंडाशी जायचं, काकांना म्हणायचं, ‘काका, मला जमत नाहीये, तुम्ही मारा, मी स्क्रू फिरवते.’ एवढंच. काका हसले असते, आणि पाच मिनिटांत विसरले असते. पण अंगणात ती सगळी माणसं बसली होती. भाकरी खाता खाता मी त्यांना झटका कसा झेलायचा ते शिकवून आले होते. कसं जाणार होते मी?

मी काय केलं ते सांगते. रायफलचा दस्ता एका दगडाला टेकवला. नळी खाणीच्या भिंतीकडे केली. तोंड फिरवलं, डोळे मिटले, आणि हात लांब करून अंगठ्याने चाप ओढला. एकेक करत उरलेली सगळी काडतुसं अशीच उडवली. मध्ये मध्ये थांबत, जसं काही मी स्क्रू फिरवते आहे, पुठ्ठा बघून येते आहे. बाहेर काका ऐकत होते ना. मग नवा पुठ्ठा घेतला, तसाच काळा गोल काढला, आणि स्क्रू ड्रायव्हरने त्याला भोकं पाडली. गोलाच्या मध्यावर, एकमेकांना लागून. गोळीच्या भोकाच्या कडेला काळी रेघ उमटते, हे मला ठाऊक होतं. नळी पुसायच्या फडक्याचं काळं मी प्रत्येक भोकाच्या कडेला बोटाने लावलं. अगदी निगुतीने. पहिला पुठ्ठा फाडून दगडाखाली घातला.

काका आले तेव्हा मी तो पुठ्ठा त्यांच्या हातात दिला. दगडावर घसरून पडले असं सांगितलं. त्यांनी आधी पुठ्ठा बघितलाच नाही. खांद्यावरच्या टॉवेलने माझं कपाळ बांधलं, आणि माझ्या कामापायी पोरीला लागलं म्हणून हळहळत राहिले. काकीने हळद भरली. पुठ्ठा मग हातोहात अंगणात फिरला. सगळ्यांनी वाहवा केली. काकांनी तो दाराजवळ भिंतीवर खिळा मारून लावला.

तुम्ही म्हणाल, मग नंतर तरी सांगायचं. वेळ होता. भात पिवळं व्हायला अजून अवकाश होता. रोज ठरवायची. मग स्वतःला समजवायची, की स्क्रू कारखान्यातून साधारण मध्यावरच असतात, एवढा काही फरक पडणार नाही, डुक्कर केवढं मोठं असतं! एके संध्याकाळी काकांचा फोन आला. ‘उंद्या पहाटंला बसतो. तू येतंस काय?’ मी म्हटलं, शाळेत परीक्षा आहेत. परीक्षा नव्हत्या.

त्या सकाळी काय झालं ते मला काकांनीच सांगितलं, पुढे कितीतरी वेळा सांगितलं. उजाडताना एक मोठा नर बांधावर आडवा उभा राहिला. काकांनी काटा डुकराच्या खांद्यावर धरला, श्वास धरला, बार काढला. गोळी मागे गेली, मांडीत. डुक्कर फरफटत नाल्याकडच्या करवंदीच्या जाळीत शिरलं. काकांनी ताबडतोब पाड्यावर ओरडून सांगितलं, नाल्याकडं कुणी येऊ नका. सगळ्यांना कळलं. एका माणसाला कळलं नाही. बेबीकाकी अंधारातच पलीकडच्या अंगाला गवत कापायला गेली होती. डोक्यावर भारा घेऊन ती नाल्याच्या वाटेने परत येत होती. काका दुसऱ्या काठावरून ओरडले. भाऱ्याखाली तिला ऐकू गेलं नाही. डुक्कर जाळीतून निघालं ते सरळ तिच्यावर.

काकांनी नाल्यात उडी घेतली आणि हाताच्या अंतरावरून, दुर्बिणीतून न बघताच, त्याला संपवलं. पण तोवर काकीची मांडी आणि गुडघा फाटला होता.

ती वाचली. पालघरच्या दवाखान्यातून तिला मुंबईला हलवलं, खूप दिवस लागले. पाय राहिला, पण गुडघ्यात वाकत नाही. भात लावायला, उकिडवं बसायला, चुलीपुढे बसायला — वाकणारा पाय लागतो. काकीला आता शेतात जाता येत नाही. ती ओट्यावर पाय लांब करून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करते. पहिल्यासारखीच.

इथवर सांगितलं. तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा, संपलं. मलाही बरीच वर्षं तसंच म्हणायचं होतं, की भ्याले, खोटं बोलले, त्यातून हे झालं. पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

पालघरच्या दवाखान्याबाहेर, पहिल्याच दिवशी. काका पायरीवर बसले होते. सदऱ्यावर काकीचं रक्त वाळलं होतं. मी शेजारी बसले. ते रडत नव्हते, विचार करत होते. मग माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला विचारलं. रागाने नाही, संशयाने नाही. एखाद्या जाणकाराला विचारावं तसं.

‘काटा बराबर खांद्यावर व्हता गो. सास पण धरला व्हता मी. मंग गोळी मागं कशी गेली? तू सांग. तुला कळतं.’

बघा, त्यांनी विचारलं होतं. मला आपणहून सांगायची हिंमत करायची गरजच उरली नव्हती. नुसतं उत्तर द्यायचं होतं. आणि मी उत्तर दिलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, समजुतीच्या सुरात, एका दमात.

‘वय झालं की हात हलतो, काका. आपल्याला कळतसुद्धा नाही.’

हे मी बोलले. गप्प बसले असते तरी चाललं असतं. ‘काय माहीत’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी ते शोधून काढलं आणि त्यांच्या हाती दिलं. त्यांना पटेल असं. काकांनी आपला उजवा हात समोर धरला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. बराच वेळ. मग मान हलवली आणि म्हणाले, ‘आसंल. तसाच आसंल.’

त्यांना माझ्यावर विश्वास होता हो. स्वतःच्या हातापेक्षा जास्त.

रायफल त्यांनी पोलीस ठाण्यात जमा केली, दुनळीसुद्धा. दुर्बीण मला आणून दिली, पोरांना शिकवायला. कुणी त्या पहाटेबद्दल विचारलं की ते भिंतीवरचा पुठ्ठा दाखवायचे. बंदुकीत खोट नव्हती, ही बघा पोरीनं मारलेली भोकं, माझाच हात गेला. माणसं पुठ्ठा बघायची, मग काकांचा हात बघायची. ‘नेमका जानू’ म्हणायचं सगळ्यांनी बंद केलं. कुणी ठरवून नाही, आपोआप.

आणि मग तो हात खरंच हलायला लागला. आधी चहाचा कप. मग जेवताना घास. विळा हातात घेईनात, कुणाला लागेल म्हणून. मोटारसायकल मुलाला देऊन टाकली. मुलाने पालघरला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, मीही सोबत गेले होते. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, नसांचा काही आजार दिसत नाही, मनाने काहीतरी धरून ठेवलंय. यांच्या मनाला काही लागलंय का? मुलाने माझ्याकडे बघितलं, मी मुलाकडे. मी म्हटलं, काकीच्या पायाचं लागलंय. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या दिवशीही सांगता आलं असतं. तेव्हा तर ते औषधच होतं.

कधी कधी मनात येतं, कोण जाणे, त्या पहाटे त्यांचा हात खरोखरच हलला असेल. दुर्बीण योगायोगाने बरोबर असेल. नाही. मी हा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे. वीतभर खाली आणि डावीकडे — ते भोक मी माझ्या डोळ्याने बघितलेलं आहे.

मी अजूनही त्यांच्याकडे जाते. सणाला, भाताच्या आवणीला, सहजही. न जाणं मला जमलं नाही आणि जाऊन बोलणंही जमलं नाही. काका मला बघून खूष होतात. पोरांना कोणकोणती बक्षिसं मिळाली ते विचारतात. निघताना पिशवी भरून देतात, आणि ती मी घेते.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं होतं. घर भरलेलं, अंगणात मांडव, काकी ओट्यावरून सगळ्यांना हुकूम सोडत होती. पाळण्यातून बाळाला काढलं आणि सुनेने ते आजोबांकडे नेलं. पहिली नात. काका खुर्चीत बसले होते, नवा सदरा घालून. बाळ जवळ आलं तसे ते खुर्चीत मागे सरकले. दोन्ही हात काखेत दाबून धरले.

‘नको गो, नको. माज्या हाताचा भरवसा नाय.’

सगळे म्हणाले, घ्या हो, काही होत नाही. सून तशीच वाकून उभी. काकी ओट्यावरून मान लांबवून बघत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांना बाळ घ्यायचं होतं. किती घ्यायचं होतं ते त्या मांडवातल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग मी दिसले. चेहरा एकदम मोकळा झाला.

‘मेघाकडं द्या,’ ते म्हणाले. ‘तिचा हात पक्का हाय. तिनं धरला म्हंजे मीच धरल्यासारका.’

सुनेने वळून बाळ माझ्यापुढे केलं. मी हात पुढे केले. बाळ माझ्या हातात आलं, उबदार, झोपेत ओठ हलवत. काका खुर्चीतून उठून जवळ आले. हात काखेतच ठेवून वाकले आणि अगदी जवळून तिच्याकडे बघत राहिले.

‘मुंडीखाली हात ठेव हां,’ ते हळूच म्हणाले.

‘धरलंय, काका,’ मी म्हटलं, आणि बाळाच्या मानेखाली हात सरकवून तिला नीट धरलं.